घरगुती बायोगॅस संयंत्र : आकार कसा ठरवावा, अनुदान कसे मिळते, रोज कसे चालवावे

शेण आणि पाणी हवाबंद जागेत काही दिवस राहिले की त्यातील सूक्ष्म जीवाणू ते कुजवतात आणि एक जळणारा वायू तयार होतो. हाच बायोगॅस. सरकारी कागदांवर त्याला ‘जैववायू’ किंवा ‘बायोगॅस’ म्हणतात, गावात ‘गोबरगॅस’ म्हणतात. तिन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे, त्यामुळे अर्ज भरताना गोंधळून जाऊ नये. या वायूत साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो, बाकीचा बहुतेक भाग कार्बन डाय-ऑक्साइड असतो. जळतो तो मिथेन.

हे तंत्र नवे नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८९७ साली मैल्यापासून वायू मिळवून वापरल्याची नोंद आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६०च्या दशकात तरंगत्या टाकीचे संयंत्र गावोगावी नेले. १९८४ साली ‘दीनबंधू’ हे स्वस्त बांधीव संयंत्र आले आणि सामान्य शेतकऱ्याला ते परवडू लागले. तरीही अनेक गावांत बंद पडलेले, गवत उगवलेले एखादे संयंत्र दिसते. त्यामागे बहुतेक वेळा दोनच कारणे असतात. शेणाच्या मानाने मोठे संयंत्र बांधलेले असते, किंवा ते रोज कसे चालवायचे हे घरातल्यांना कोणी शिकवलेले नसते. म्हणून या लेखात अनुदानाआधी शेणाचा हिशोब दिला आहे.

आधी शेण मोजा

संयंत्राचा आकार घनमीटरमध्ये सांगतात. ‘२ घनमीटरचे संयंत्र’ म्हणजे दिवसाला २ घनमीटर वायू देऊ शकणारे संयंत्र. हा खड्ड्याचा आकार नव्हे. खड्डा त्याहून मोठा असतो.

१ किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर. म्हणून १ घनमीटरच्या संयंत्राला रोज २५ किलो शेण लागते, २ घनमीटरला ५० किलो आणि ४ घनमीटरला १०० किलो. गोठ्यात बांधलेली म्हैस दिवसाला साधारण १५ किलो शेण देते, गाय किंवा बैल १० किलो, वासरू ५ किलो. जनावर दिवसभर रानात चरायला जात असेल तर त्याच्या शेणातले निम्मेच हाती येते असे धरावे.

स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला पाव ते ०.३ घनमीटर वायू लागतो. म्हणजे पाच माणसांच्या घराला सव्वा ते दीड घनमीटर.

एक उदाहरण घेऊ. घरी दोन म्हशी, एक गाय आणि एक वासरू आहे. म्हशी व वासरू बांधलेले असतात, गाय चरायला जाते. म्हशींचे ३० किलो, गायीचे हाती येणारे ५ किलो, वासराचे ५ किलो, असे एकूण ४० किलो. त्यातले ५ किलो सारवण आणि गोवऱ्यांसाठी जाते. उरले ३५ किलो. त्यापासून १,४०० लिटर, म्हणजे १.४ घनमीटर वायू मिळेल. घरात पाच माणसे असतील तर रोजचा स्वयंपाक त्यावर होतो. या घराने २ घनमीटरचे संयंत्र बांधावे.

याच घराने ‘मोठ्या आकाराला अनुदान जास्त आहे’ म्हणून ४ घनमीटरचे बांधले तर? वायू तेवढाच, १.४ घनमीटरच तयार होईल, कारण तो शेणातून येतो, सिमेंटमधून नाही. पण तो मोठ्या घुमटात पसरेल, पुरेसा दाब धरणार नाही आणि शेगडी मंद जळेल. वर विटा, सिमेंट आणि खोदाईचा जादा खर्च खिशातून. अनुदानातला फरक या खर्चाला क्वचितच पुरतो.

हिशोब करताना आजची जनावरे मोजू नका. उन्हाळ्यात चारा संपल्यावर, एखादे जनावर विकल्यावर गोठ्यात किती उरतात ते मोजा. दुष्काळी भागात हे फार महत्त्वाचे आहे. आणि शेण आठवडाभर खरोखर मोजून पाहा. घमेले एकदा वजनकाट्यावर तोलून घेतले की पुढे घमेली मोजली तरी चालते.

गोवऱ्यांचाही विचार घरातल्या बाईमाणसांशी बोलून करावा. पाणी तापवायला, भाकरीला गोवऱ्या लागत असतील तर संयंत्राला तेवढे शेण कमी मिळणार. हे आधी ठरले नाही तर दोन महिन्यांत संयंत्र उपाशी पडते.

१ घनमीटर बायोगॅस सुमारे ०.४३ ते ०.४५ किलो एलपीजीचे काम करतो. वरच्या घराला रोज १.४ घनमीटर मिळाला तर महिन्याला एका १४.२ किलोच्या सिलिंडरपेक्षा थोडी जास्तच बचत होते. तरी सिलिंडरची जोडणी परत करू नये. थंडीत वायू कमी होतो, पाहुणे येतात, घरात कार्य निघते.

अनुदान

केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम अधिसूचित केला. त्याच्या ‘बायोगॅस कार्यक्रम’ या भागात १ ते २५ घनमीटर क्षमतेच्या लहान संयंत्रांना केंद्रीय अर्थसाहाय्य मिळते. ही रक्कम आकार आणि प्रदेशानुसार प्रति संयंत्र ९,८०० रुपयांपासून ७०,४०० रुपयांपर्यंत आहे. खालचा आकडा सर्वांत लहान संयंत्राचा आहे, वरचा मोठ्या संयंत्राचा. घरगुती संयंत्र बांधणाऱ्याने वरच्या आकड्यावर विसंबू नये. ईशान्येकडील राज्यांसाठी दर जास्त आहेत.

कार्यक्रमाचा कालावधी २०२१-२२ ते २०२५-२६ असा ठरवलेला आहे. त्यानंतर अर्ज करत असाल तर त्या वर्षी लागू असलेला दर आणि तुमच्या जिल्ह्याचे उद्दिष्ट शिल्लक आहे का, हे कार्यालयात विचारून घ्या. काही राज्ये आणि जिल्हा परिषदा आपल्या निधीतून पूरक मदत देतात. तीही विचारावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट : अनुदान बांधकामाच्या आधी हातात मिळत नाही. संयंत्र बांधून, चालू होऊन, तपासणी झाल्यावर रक्कम बँक खात्यात येते. तोपर्यंतचा खर्च तुम्हालाच करायचा असतो, आणि अनुदान हा एकूण खर्चाचा एक भाग असतो. पैसे उसने घेण्याआधी गवंडी, विटा, सिमेंट, वाळू, पाइप आणि शेगडी यांचे आजचे दर तुमच्या गावात काढा, त्यातून अनुदान वजा करा आणि उरलेली रक्कम झेपते का ते पाहा. ‘आत्ताच सगळे पैसे द्या, अनुदान आम्ही आणून देतो’ असे कोणी म्हटले तर आधी कार्यालयात जाऊन खात्री करा.

अर्ज कुठे करायचा हे राज्यानुसार बदलते. महाराष्ट्रात पंचायत समितीतील कृषी अधिकारी आणि जिल्हा परिषदेचा कृषी विभाग हे काम पाहतात. कर्नाटकातल्या मराठी भाषकांनी ग्रामपंचायत किंवा तालुका पंचायतीत चौकशी करावी. छत्तीसगडमध्ये राज्याची ऊर्जा विकास संस्था ‘क्रेडा’ हे काम करते. इतर राज्यांत पंचायत किंवा कृषी कार्यालयातून सुरुवात केली की योग्य टेबल सापडते.

साधारणपणे आधार कार्ड, बँक पासबुकाची प्रत, जागा तुमची असल्याचा पुरावा, जनावरे असल्याचा दाखला, छायाचित्र आणि लागू असल्यास जातीचा दाखला मागतात. घरात यापूर्वी कोणी याच कामासाठी अनुदान घेतले आहे का, हेही विचारले जाते. खोदाई सुरू करण्याआधी अर्जाला मंजुरी मिळाली आहे ना, ते पाहा. आधी बांधून मग अर्ज करणाऱ्यांची प्रकरणे अडकतात.

अर्जात ‘टर्न-की’ हा शब्द येतो. त्याचा चावीशी संबंध नाही. संयंत्र बांधणे, सुरू करून देणे आणि नंतर ठरलेली वर्षे देखभाल करणे, ही सगळी जबाबदारी एकाच प्रशिक्षित माणसावर किंवा संस्थेवर असते, असा त्याचा अर्थ. या कामाची फी त्यांना वेगळी मिळते. म्हणून हमीचा कागद आणि त्यावर नाव, फोन नंबर, तारीख मागून घ्यायला संकोच करू नका.

कोणते संयंत्र बांधावे

तरंगत्या टाकीच्या संयंत्रात विहिरीसारख्या खड्ड्यावर उलटी टाकी बसवलेली असते. वायू साठला की टाकी वर येते, वापरला की खाली जाते. वायू किती आहे ते डोळ्यांनी दिसते आणि दाब एकसारखा राहतो. लोखंडी टाकी मात्र गंजते, तिला दर वर्षी रंग द्यावा लागतो. आता फायबरच्या टाक्याही मिळतात.

दीनबंधू संयंत्र पूर्ण जमिनीखाली, विटांच्या घुमटाचे असते. त्यात हलणारा भाग नाही, गंजण्यासारखे काही नाही, खर्चही कमी. पण घुमटाला केसाएवढी भेग राहिली तरी वायू निघून जातो, म्हणून ते शिकलेल्या गवंड्याकडूनच बांधून घ्यावे. घर चांगले बांधणारा गवंडी घुमट चांगला बांधेलच असे नाही. याच गावात किंवा शेजारच्या गावात त्याने बांधलेले, निदान दोन वर्षे चाललेले संयंत्र दाखव, असे त्याला सांगा आणि त्या घरातल्या शेगडीवर चहा होतो का ते बघून या.

जमीन खडकाळ असेल किंवा पाणी फार वर असेल तर कारखान्यात तयार झालेली फायबरची किंवा जाड प्लास्टिक पिशवीची संयंत्रे सोयीची पडतात. ती मंत्रालयाने मान्य केलेली असतील तरच अनुदान मिळते.

जागा स्वयंपाकघराजवळ, शक्यतो १० मीटरच्या आत आणि गोठ्याच्याही जवळ असावी. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ती निदान १५ मीटर दूर हवी. दिवसभर ऊन मिळावे, आसपास मोठे झाड नसावे, कारण मुळे बांधकाम फोडतात. दीनबंधूच्या घुमटावर मातीचा भर टाकलाच पाहिजे. तो आतला दाब पेलतो आणि थंडीत ऊब राखतो. बांधकामावर किमान १० दिवस पाणी मारावे. शेण भरण्याआधी गळतीची चाचणी तुमच्यासमोर करून घ्यावी.

पहिली भरणी

याच टप्प्यावर पुष्कळ लोक निराश होतात. पहिल्यांदा संयंत्र भरायला खूप शेण लागते. २ घनमीटरच्या संयंत्रात शेण ४० दिवस राहणार असेल तर ५० गुणिले ४०, म्हणजे सुमारे २,००० किलो. (किती दिवस ठेवायचे ते हवामानावर ठरते. उष्ण भागात ३०, मध्यम भागात ४०, थंड डोंगराळ भागात ५५ दिवसांचे आराखडे असतात.) म्हणून बांधकाम सुरू झाल्या दिवसापासून शेण सावलीत साठवा, त्यावर पाणी शिंपडत राहा. शेजाऱ्यांकडून मागून आणावे लागले तरी आणा. अर्धवट भरून ‘बघू पुढे’ म्हणू नये.

शेण आणि पाणी सारख्या प्रमाणात मिसळा. चालू संयंत्रातली थोडी स्लरी, एकूण भरणीच्या दहाव्या भागाएवढी, मिळाली तर त्यात घाला. दही लावायला विरजण लागते, तसेच हे. त्यामुळे वायू लवकर सुरू होतो.

दोन ते चार आठवड्यांत वायू येऊ लागतो. पहिला वायू बहुधा पेटत नाही, कारण त्यात कार्बन डाय-ऑक्साइड जास्त असतो आणि हवा मिसळलेली असते. तो मोकळ्या हवेत, आसपास आग नसताना सोडून द्यावा. पेटतो का हे संयंत्राच्या तोंडाशी काडी लावून कधीही बघू नये. घरातल्या शेगडीवरच बघावे.

रोजचे काम

रोज ठरलेल्या वेळी मिश्रणाच्या टाकीत शेण व पाणी सारखे घेऊन हाताने किंवा फावड्याने काला करा. गुठळ्या फोडा, काड्या, चारा, माती, खडे काढून टाका. काला वरणासारखा पातळ असावा. मग टाकीचे बूच काढून तो आत सोडा. सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे. ते कोण करणार हे घरात बोलून ठरवा. बहुतेक घरांत हे काम न बोलता बाईच्याच वाट्याला येते, पण घमेली उचलण्याचे काम घरातले पुरुषही करू शकतात.

फिनेल, साबण, डिटर्जंट किंवा कीटकनाशक मिसळलेले पाणी आत जाऊ देऊ नका. ज्या जीवाणूंवर सगळे चालले आहे ते मरतात. गोठा फिनेलने धुतला तर त्या दिवशीचे धुवण बाहेर सोडा. औषधोपचार चालू असलेल्या जनावराचे शेणही काही दिवस वेगळे ठेवा. खरकटे, भाजीचे देठ बारीक करून थोडेसे घातले तर चालते. पण एकदम बादलीभर भात किंवा फळे घातली की आतले मिश्रण आंबट होते आणि वायू थांबतो. तसे झाले तर काही दिवस फक्त शेणाचा काला घाला, तोही कमी.

जीवाणूंना ३० ते ३५ अंश तापमान मानवते. १५ अंशांखाली काम फार मंदावते. थंडीत काल्यासाठी उन्हात ठेवलेले कोमट पाणी वापरा आणि घुमटावर पेंढा पसरा.

काही अडले तर

शेगडी फडफडत जळत असेल तर पाइपात पाणी साचले आहे. पाइपाच्या सर्वांत खालच्या ठिकाणी पाणी काढण्याची तोटी असते, ती उघडून पाणी काढा. पावसाळ्यात हे आठवड्याला करावे लागते. ज्योत पिवळी असेल तर शेगडीची हवेची पट्टी फिरवून निळी करून घ्या. एलपीजीची शेगडी या वायूवर नीट चालत नाही, तिचे छिद्र बारीक असते. बायोगॅससाठी केलेली, आयएसआय खुणेची शेगडीच घ्यावी.

वायू अचानक कमी झाला तर आधी प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून पाहा. बुडबुडा आला की गळती तिथे. गळती नसेल तर शेण मोजा. बहुतेक वेळा उत्तर घमेल्यातच सापडते. तेही बरोबर असेल तर वर साय धरली असण्याची शक्यता आहे. बाहेर पडण्याच्या टाकीतून लांब बांबूने ढवळून पाहा, नाहीतर हमी देणाऱ्याला बोलवा.

कोणीही आत उतरू नये

संयंत्र कितीही दिवस बंद असले, रिकामे दिसत असले, तरी आत उतरू नका आणि कोणालाही उतरवू नका. आत प्राणवायू नसतो आणि हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू असू शकतो. माणूस एक-दोन श्वासांत बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि मग दोघेही गेलेले असतात. कोणी पडलेच तर वरून दोर, बांबू, हवा जे देता येईल ते द्या आणि ११२ वर फोन करा. सफाई करायची असेल तर प्रशिक्षित माणसे व यंत्र मागवा.

टाक्यांवर फरश्यांची झाकणे कायम ठेवा, लहान मुले आणि वासरे त्यात पडतात. घरात कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर दिवा किंवा विजेचे बटण न लावता दारे-खिडक्या उघडा आणि मुख्य व्हॉल्व्ह बंद करा.

स्लरी आणि शौचालय

वायू गेला तरी शेणातले खत जात नाही. बाहेर येणाऱ्या स्लरीला वास कमी असतो, माश्या कमी बसतात, तणाचे बीही बरेचसे मेलेले असते. सुकवलेल्या स्लरीत नत्र दीड टक्क्याच्या आसपास असते. उघड्या उकिरड्यातल्या शेणखतापेक्षा हे प्रमाण बरेच जास्त आहे. ओली स्लरी पाटाच्या पाण्याबरोबर सोडता येते, किंवा पालापाचोळ्याच्या थरांवर ओतून कंपोस्ट करता येते. उन्हात उघडी वाळवली तर नत्र उडून जाते, म्हणून सावलीत वाळवा. ज्यांचे कुटुंब छोटे आहे त्यांना वायूपेक्षा या खताचाच फायदा जास्त होतो, असे म्हणायला हरकत नाही.

शौचालय संयंत्राला जोडता येते. देहूच्या डॉ. मापुस्करांनी यासाठी ‘मलप्रभा’ हे संयंत्र विकसित केले होते. शौचालय जोडायचे असेल तर जास्तीच्या मदतीविषयी अर्जाच्या वेळीच विचारा. त्यात ॲसिड टाकायचे नाही, आणि ती स्लरी भाजीपाल्याला थेट घालायची नाही. घरातल्या कोणाला या वायूवर स्वयंपाक करायचे मन होत नसेल तर जबरदस्तीने जोडू नका. नुसत्या शेणावरही संयंत्र उत्तम चालते.

जनावरे कमी असतील तर

दोन जनावरेही नसतील तर स्वतःचे संयंत्र बांधण्यात अर्थ नाही. अशा वेळी ग्रामपंचायतीत ‘गोबरधन’विषयी विचारा. स्वच्छ भारत अभियान ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात सामूहिक संयंत्रांसाठी प्रति जिल्हा ५० लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. गावातले शेण एकत्र करून चालणारी ही संयंत्रे असतात. ती कोण चालवणार, शेणाचा मोबदला काय आणि स्लरी कोणाला मिळणार, हे ग्रामसभेत लिहून ठरवावे.

शिकायचे कुठे

मंत्रालयाच्या मदतीने चालणारी बायोगॅस विकास व प्रशिक्षण केंद्रे लुधियाना, उदयपूर, बंगळूरु, कोईमतूर, गुवाहाटी अशा ठिकाणच्या विद्यापीठांत व संस्थांत उभी राहिली आहेत. तिथे गवंडी आणि देखभाल करणाऱ्यांना शिकवतात. वापरणाऱ्या कुटुंबांसाठी एक-दोन दिवसांची शिबिरे घेतली जातात. पंचायत समितीत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात ‘बायोगॅस वापरकर्ता प्रशिक्षण’ कधी आहे असे विचारा. शिबिराला घरातून दोघांनी जावे, आणि त्यातली एक व्यक्ती रोज काला करणारी असावी. गावातल्या एखाद्या तरुणाने गवंड्याचे प्रशिक्षण घेतले तर त्याला आसपासच्या गावांत काम मिळते आणि तुमचे संयंत्र अडले तर माणूस हाकेच्या अंतरावर असतो.